वाडीचा म्हातारा

रंगू माझा हात धरत नाही, मनगट धरते. घरातून वाडीत जाताना मध्ये पाण्याचा पाट आहे आणि त्याच्यावर पोफळीचे दोन सोट शेजारी टाकून केलेला साकव. तिथे पोचलं की ती एक पाऊल पुढे होते, वळून न बघता हात मागे करते, आणि माझं मनगट तिच्या मुठीत जातं. बैलाचं दावं धरावं तसं घट्ट धरते, पण ओढत नाही. तोंडाने मात्र तिचं चालूच असतं, "या आता, का पालखी सांगू?" किंवा "पडलात तर मी न्हाय उचलायची, धर्माला हाक मारीन." धर्मा आता आमच्या वाडीत पोफळीवर चढतो. आधी मी चढायचो. मला बऱ्याच वर्षांपासून कमी ऐकू येतं, म्हणून रंगू माझ्याशी ओरडून बोलते, आणि ओरडून बोललेल्या बोलण्यात माया कुठे आहे ते शोधावं लागतं. मी ती मनगटापाशी शोधत आलो.

ही नारळी-पोफळीची वाडी आमची नव्हे. मालक पुण्याला असतात. आमचं घर वाडीच्या कडेला, दिवेआगरच्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर. वादळात त्याचं छप्पर गेलं तेव्हा आमच्या मृणालने आणि जावयाने ते पुन्हा उभं केलं आणि बाजूला पाहुण्यांसाठी एक खोली काढली. मालकांचं मोठं घर मात्र बसलं ते बसलंच. समुद्राकडचा वाडीचा तुकडाही तेव्हा साफ झाला. जिथे भर दुपारी अंधार असायचा तिथून आता सरळ सुरूची झाडं दिसतात. त्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्या माणसांना राहायला घरं बांधायची असं मालकांच्या नातवाने, देवव्रतने ठरवलं. घरांचे नकाशे काढणं हाच त्याचा धंदा. दिवाळी झाली, सुपारी पिकायला लागली, त्या सुमाराला तो आमच्या खोलीत राहायला आला आणि येताना एक मोठी काळी पेटी घेऊन आला.

त्या पेटीत म्हातारपण होतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, त्यानेच ओटीवर पेटी उघडून तसं सांगितलं. एक जाकीट होतं, त्याच्या कप्प्यांत वजनं भरलेली. गुडघे आणि कोपर वाकू नयेत म्हणून पट्टे होते. मान वळू नये म्हणून गळपट्टा, पिवळट काचांचा चष्मा, जाड हातमोजे आणि कान झाकायच्या टोप्या.

"हे सगळं चढवलं की माझं वय चाळीस वर्षांनी वाढतं, आजोबा," देवव्रत म्हणाला. "घर बांधणाऱ्याला कळायला नको का, म्हाताऱ्या माणसाला कुठे अडतं ते? पायरी केवढी हवी, आधाराची दांडी कुठे हवी. कागदावर ते कळत नाही."

"मग ह्यांना इचार की," रंगूने माझ्याकडे हनुवटी केली. "दिसभर सांगत बसतील. चहा तेवढा देत जा."

धर्मा सुपारीचे घड उतरवून ओटीच्या कडेला टेकला होता. तो म्हणाला, "देवूदादा, म्हातारपण भाड्यानं आणलंस व्हय? आमच्याकडं फुकट मिळतंय."

देवव्रत मोकळेपणाने हसला. पोरगा चांगला होता. पट्टे बांधायला मीच त्याला मदत केली. "अजून घट्ट करा, आजोबा, अजून," असं तो म्हणायचा आणि मला वाटायचं, कशाला, एवढी घाई कशाची आहे याला. जाकीट अंगावर पडल्यावर त्याचे खांदे पुढे आले, मान खाली गेली, आणि तो धडधाकट पोरगा ओटीच्या पायरीशी असा थांबला की जणू खाली विहीर आहे. मला त्याची दया आली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला तर जाकिटामुळे त्याला तो कळलाही नाही.

मग आम्ही वाडीत निघालो. पुढे रंगू, मध्ये देवव्रत, मागे मी. साकवापाशी रंगू नेहमीसारखी एक पाऊल पुढे झाली, तिने वळून न बघता हात मागे केला, आणि त्या हातात देवव्रतचं मनगट गेलं.

"या आता, का पालखी सांगू?" ती ओरडली.

मी अलीकडेच उभा राहिलो. मला वाटलं, पलीकडे पोचल्यावर तिच्या लक्षात येईल, ती परत वळेल. ती वळली नाही. ती त्याला दाखवत होती की पुढे मूळ वर आलंय, पाय उचलून टाक. मी साकवावर बसलो आणि लहान मूल जिना उतरतं तसा बुड घासत पलीकडे गेलो.

या वयात माणसाने हेवा करावा तो फार तर दुसऱ्याच्या दातांचा. मला हेवा वाटला तो मात्र एका तरण्या पोराच्या उसन्या गुडघ्यांचा. मला त्याची लाज वाटली आणि मी ती कुणाला दाखवली नाही. पण तेव्हापासून मी बघत राहिलो. सकाळी न्याहारी झाली की तो पोशाख चढवायचा आणि जेवण होईपर्यंत वाडीत, विहिरीवर, समुद्राच्या वाटेवर हिंडायचा, आणि रंगूला जणू दुसरं काम उरलं नाही. त्याच्या चष्म्याच्या काचा ती पदराने पुसायची. हातमोज्यांमुळे त्याला घास घेता येत नसे, तर भाताचे गोळे करून ती त्याच्या पानात ठेवायची. माझे दात गेल्यापासून ती माझं विड्याचं पान खलबत्त्यात कुटून देते. एका दुपारी मी आवाज ऐकून हात पुढे केला तर कुटलेलं पान त्याच्याकडे गेलं.

"माझे दात आहेत, आजी," तो हसत म्हणाला.

"म्हातारं व्हायचंय ना? मग पुरतं हो," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "तुमचं कुटते की. पळून चाललंय का पान?"

तिने माझंही कुटलं. पण ते दुसरं होतं.

आमच्याकडे सुपारीची मोठी उतरण सुरू व्हायच्या आधी राखण देतात. वाडीच्या कोपऱ्यात सुरंगीच्या झाडाखाली एक उभा दगड आहे, तो वाडीचा राखणदार. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, कोंबडा दाखवायचा, आणि वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने पुढे होऊन गाऱ्हाणं घालायचं. मालक स्वतः हजर असले तरी ते मागे उभे राहतात. तिथे मालकी चालत नाही, वय चालतं. म्हाताऱ्याने आधी स्वतःची ओळख द्यायची आणि मग सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं. माझ्या आधी तुळशीराम म्हणून होते, ते गेल्यापासून गाऱ्हाणं मीच घालत आलो.

त्या दिवशी माझा घसा बसला होता. देवव्रत पोशाख चढवूनच आला होता, कारण उंचसखल जमिनीवर म्हातारं माणूस हात जोडून किती वेळ उभं राहू शकतं ते त्याला बघायचं होतं. रंगूने त्याचा कोपर धरला होता.

धर्मा कोंबडा काखेत दाबत म्हणाला, "आज तर दोन म्हातारे हायत. कोणचा घालणार गाऱ्हाणं?"

"ह्यांचा आवाज बसलाय," रंगू म्हणाली. "आणि देवूदादाला ऐकायची हौस हाय. काय करायचं हो?"

मी तिच्या हाताकडे बघत होतो. तो कोपरावरून निघाला नाही.

"त्यालाच घालूंदे," मी म्हणालो. "म्हातारं व्हायची हौस त्यालाच हाय."

धर्मा हसला, रंगूही हसली. देवव्रत वाकत वाकत दगडापुढे जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे उभा राहून घोगऱ्या आवाजात एकेक वाक्य सांगत गेलो आणि कानावरची टोपी जरा सरकवून तो ते मोठ्याने म्हणत गेला. "म्हाराजा, हा तुझ्या वाडीचा म्हातारा तुझ्या पायाशी उभा हाय. त्याला वळख. त्याचं दुखणंखुपणं जाणून घे. त्याचं घर राख, त्याचं माणूस त्याच्यापाशी राख."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सवयीने माझ्याही तोंडातून तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि मोरीपर्यंत गेलो, चूळ भरली, आणि मग माझ्या लक्षात आलं की उठताना मी भिंतीला हात लावला नव्हता. मी गुडघा वाकवून बघितला. पुन्हा वाकवला. इतक्या वर्षांचं दुखणं, त्याची इतकी सवय की ते नाहीसं झाल्यावर घरातलं कुणीतरी न सांगता गावाला गेल्यासारखं वाटलं. मी रंगूला सांगायला गेलो. ती अंगणात देवव्रतला पायरी उतरवत होती.

"रंगू, गुडघा दुखत न्हाय आज."

"बरं झालं," ती म्हणाली. "मग मागच्या झावळ्या तेवढ्या ओढून ठेवा."

मी त्या ओढून ठेवल्या. सगळ्या.

मग कान आले. आधी विहिरीच्या पंपाचा आवाज मोठा झाला, मग समुद्राचा, आणि मग एका दुपारी मला मागच्या पडवीतून रंगूचं बोलणं ऐकू आलं. ती ओरडत नव्हती. कितीतरी वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता, हळू, जरासा ओलसर, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. मी तो विसरूनच गेलो होतो. मी जागच्या जागी उभा राहिलो. ती देवव्रतला सांगत होती की शेजारच्या सगुणाच्या सुनेला मुलगी झाली, आणि कढीत मीठ जास्त पडलंय का बघा. बघा, म्हणाली ती. त्याने कानांवर टोप्या घातल्या होत्या, तरी त्याला ऐकू जात असावं, कारण तो हुंकार देत होता. मी आत गेलो तेव्हा ती माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "काय पायजे?" धडधाकट माणसाला विचारतात तसं.

समुद्रावर जाणाऱ्या कुणा पाहुण्याने मला वाटेत थांबवून विचारलं, "भाऊ, गाडी कुठे लावायची?" मी त्याला जागा दाखवली. तो गेल्यावर मला उगाच वाटत राहिलं की त्याने आजोबा म्हणायला हवं होतं.

देवव्रत आता जेवायला बसायचा तेव्हा पोशाख काढलेला असे. तरी तो भिंतीला हात धरून बसायचा आणि उठताना "आई गं" म्हणायचा. रंगू त्याला हसली तर म्हणाला, "सवय लागली, आजी." त्याची बायको क्षिप्रा पुण्याहून फोनवर तोंड दाखवून बोलायची, तिने एकदा विचारलं, "असा काय दिसतोयस? किती वाळलायस." फोन त्याने हात लांब करून धरला होता, त्यामुळे तिला नीट दिसत नसावं. "येत्या रविवारी मी गाडी घेऊन येते. पुरे आता," ती म्हणाली. मी रविवारची वाट बघू लागलो.

त्याच आठवड्यात तो एका सकाळी डावा खांदा दाबत बसला. "आजी," तो म्हणाला, "जरा मिठाची पुरचुंडी गरम करून शेक देता?"

तरणा असताना मी याच वाडीत पोफळीवरून पडलो होतो. एका झाडावरून झोका घेऊन दुसरं पकडायचं, खाली उतरायचं नाही, हा आमच्या कामाचा रिवाज. एकदा पकडायला हात पोचला नाही. डावा खांदा निखळला. तेव्हापासून खारा वारा सुटला की तो ठणकतो आणि रंगू मीठ तापवून फडक्यात बांधून शेकते. वैद्याने सांगितलेलं नाही ते, तिच्या आईचं आहे. देवव्रतला हे कुणी सांगितलं असेल तर मला माहीत नाही. त्याच्या पोशाखात खांद्याला काहीच नव्हतं. मी स्वतः पट्टे बांधले होते, मला माहीत आहे.

रंगूने तवा ठेवला, मीठ ओतलं. तिने त्याला विचारलं नाही कुठे दुखतंय ते. सरळ त्या जागी पुरचुंडी ठेवली, मानेच्या जरा खाली, जिथे हाड आत बसलं नाही तिथे.

मी माझा खांदा चाचपून बघितला. हाड जागेवर होतं.

एवढं मी सहन केलं असतं. दुखणं गेलं म्हणून कुणी रडत नाही, लोक ऐकतील तर हसतील. पण मग ती संध्याकाळ आली, दिवेलागणीच्या आधीची. मी वाडीतून आलो तेव्हा दोघं ओटीवर बसली होती, तो माझ्या नेहमीच्या खांबाला टेकून. शर्टाने खांदा खुपतो म्हणून रंगूने त्याला माझी एक जुनी बंडी दिली होती. तो बोलत होता आणि ती सुपारी कातरायची थांबून ऐकत होती.

"आगरदांड्याहून दिघीला आलो आपण तेव्हा," तो म्हणत होता, "होडी अशी डुलत व्हती की तू डोळं मिटून माझ्या पाठीला तोंड लावून बसलीस. हळद निघाली न्हवती अंगाची अजून. खाडीच्या मधोमध आलो आणि माझ्या कानात काय म्हणालीस? म्हणालीस, 'बुडलो तर मला टाकून पोहू नका हां. माझं अजून तुमच्याशी भांडणसुदीक झालेलं न्हाय.'"

रंगू पदर तोंडाला लावून हसली. ती अशी हसायची हे मला माहीत होतं. आणि मला हेही माहीत होतं की त्या होडीत ती माझ्या कानात काहीतरी बोलली होती, मी ते जन्मभर जपलं, कुणाजवळ बोललो नाही, मृणालजवळसुद्धा नाही. पडलो तेव्हा, वादळात कपाटाआड दडून बसलो तेव्हा, मी मनात तेच बोलत होतो. मी अंगणात उभा राहून ते आठवायचा प्रयत्न केला. होडी आठवली, पाणी आठवलं. तिचं वाक्य मी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"रंगू," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तांदळातला खडा अजून टिपते ती, तिच्या नजरेत काही दोष नाही. ती म्हणाली, "आलास? हातपाय धू. चहा टाकते."

माझ्याशी ती कधीही अरेतुरे बोलली नव्हती. मी हातपाय धुतले. चहा चांगला होता.

त्यानंतर मी जे केलं ते सांगताना माझं मलाच कसंतरी होतं. मी लंगडायला लागलो. सकाळी उठून भिंत धरायची, पायरीशी थांबायचं, दोनदा हाक मारेपर्यंत ओ द्यायची नाही. सगळं मला पाठ होतं, जन्म त्यातच गेला होता. पण पाय नीट असताना लंगडणं फार अवघड असतं, एक पाऊल बरोबर पडतं आणि दुसरं विसरतं. साकवापाशी मी थांबलो आणि हात पुढे केला. रंगू पलीकडून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी राग बघितलाय, कंटाळा बघितलाय, पण तेव्हा जे दिसलं ते नवीन होतं. ती हिरमुसली होती.

"सोंग नको करूस असं," ती हळू म्हणाली. "ज्याला खरंच दुखतंय त्याला बघून काय वाटेल?"

आणि मागे वळून ती म्हणाली, "अहो, जपून. मूळ हाय तिथं."

तो तिच्यामागे उभा होता, माझ्या बंडीत. मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही. त्या दिवसांत मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं तर बोलावं लागलं असतं. बोलून काय सांगणार होतो? माझी दुखणी दे म्हणून?

रविवार उजाडला. क्षिप्रा दुपारपर्यंत पोचेल असा फोन आला. मी सकाळपासून मनात म्हणत होतो, आता सुटेल, गाडीत बसेल आणि जाईल, पेटीसकट. म्हणून मी पेटी बाहेर काढून ठेवावी या विचाराने पाहुण्यांच्या खोलीत गेलो. पेटीचं झाकण उघडंच होतं. जाकीट नीट घडी करून ठेवलं होतं, वर पट्टे, वर चष्मा, आणि सगळ्यावर धुळीचा थर, वाडीतली ती तांबूस बारीक धूळ. किती दिवस त्याने तो पोशाख चढवला नव्हता कोण जाणे. मी बाहेर बघितलं. अंगणातून तो चालत होता, एक हात गुडघ्यावर, आणि रंगू त्याच्या पावलाला पाऊल लावून चालत होती.

मी पोशाख चढवला. कसा बांधायचा ते मला माहीत होतं. जाकीट अंगावर आलं आणि माझे खांदे पुढे आले, तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटलं; पावसाळाभर बाहेर राहून कुणी घरी यावं तसं. पट्टे मी घट्ट ओढले. अजून घट्ट. चष्म्यातून सगळं पिवळं आणि लांब दिसू लागलं, कानांत पुन्हा तो जुना शांतपणा आला. चालताना गुडघा अडला आणि मी त्याला मनात म्हणालो, आलास का बाबा.

मी ओटीवर आलो तेव्हा गाडी दारात उभी होती. चेहरा कळत नव्हता, पण एक बाई फाटक उघडून आत येत होती. रंगू पुढे आली. मी दोन्ही हात पुढे केले.

"रंगू," मी म्हणालो, "मी गं. बाबाजी."

ती जोरात हसली. मला ऐकू यावं म्हणून तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडून म्हणाली, "आवाजबी तोच काढतोस की रे, देवूदादा! बाई आली तुझी न्यायला. काढ आता ते."

"अजून हेच घालून फिरतोयस?" क्षिप्रा जवळ येत मोठ्याने म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता आणि प्रेमही होतं. बॅग खाली ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि सवयीच्या हातांनी माझ्या मनगटांवरचे पट्टे सोडायला लागली. मी मान वळवायला गेलो, गळपट्ट्यामुळे वळली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त खांब दिसत होता आणि खांबाला टेकून बसलेला कुणीतरी, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसणारी रंगू.

"गुणाचं पोर हाय हो," रंगू त्याला म्हणत होती. तिला ओरडावं लागत होतं, म्हणून मलाही ऐकू आलं. "बघा की, हुबेहूब तुमच्यावानी चालाया लागलंय."

कोपरांचे पट्टे सुटले. गुडघ्यांचे सुटले. क्षिप्राने हातमोजे ओढून काढले आणि खाली न बघता माझी बोटं आपल्या बोटांत घेतली. मग तिने जाकिटाला हात घातला. मी गळ्याजवळचा शेवटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही.